सैल सोडलेली दोरी

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला कधी नदीवर नेलं नाही आणि मीही कधी मागे लागले नाही. सुट्टीच्या दिवशी हे पहाटे मासे धरायला जायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत यायचे, कारण धरलेला मासा हे पुन्हा पाण्यात सोडून देत. मग गेलात कशाला, असं मी विचारायचे. हे नुसते हसायचे, आणि मला त्या हसण्याचा भारी राग यायचा.

मागच्या हिवाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. कारखान्यातल्या नवख्या मुलांना लेथ मशीन चालवायला शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते हे दिवसभर अंथरुणात पडून राहायला लागले. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी मला दाराशी हळूच म्हणाली, "काकू, उठावंसं वाटेल असं काहीतरी यांच्यापुढे ठेवा. नाहीतर हे असेच संपतील."

त्याच दुपारी मी यांना म्हटलं, "तुमचं ते मासे धरणं मला शिकवा."

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माळ्यावर लांब पिशवी आहे. काढ."

त्या रविवारी नदीच्या काठावर घडीच्या खुर्चीत हे, आणि रबरी बूट घालून, पिशवीतली गळाची काठी धरून गुडघाभर पाण्यात मी. यांच्या पद्धतीत गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, ती खऱ्या माशीसारखी पाण्यावर अलगद उतरवायची. गळाचा उलटा काटाही हे पकडीने चेपून टाकत, माशाला जखम नको म्हणून. त्यामुळे मासा लागला की दोरी ताणलेली ठेवावी लागते, जरा सैल पडली की तो निसटतो.

"मागे. थांब. थांब म्हटलं ना. आता पुढे." उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं नुसतं. पहिल्या दिवशी मी गळाने आधी एक झुडूप धरलं आणि मग माझ्याच डोक्यावरची टोपी.

"सोडून दे ती," हे म्हणाले. "लहान आहे अजून."

झटक्यानंतरचा हा यांचा पहिला विनोद. मी खूप हसले, आणि मग नदीकडे तोंड करून रडून घेतलं.

पुढचे काही रविवार सोन्यासारखे गेले. हे माझ्या आधी उठायचे, डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत बसायचे, मदत केली तर खेकसायचे. कपडे शिवायचं माझं दुकान आहे, हाताला बारीक कामाची सवय. माशी हवी तिथे पडायला लागली. यांच्या सूचना कमी होत गेल्या, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एका सकाळी मासा लागला. काठी वाकली, हातात जिवंत हिसका बसला, आणि मला इतका आनंद झाला की मी ओरडतच वळले. हे खुर्चीतून अर्धवट उठले होते. तो निकामी हात डाव्या हाताने घट्ट दाबून धरलेला, आणि चेहऱ्यावर अशी भूक, की मला माझ्या आनंदाची लाज वाटली. मी काठी खाली केली. दोरी सैल पडली आणि मासा गेला.

"तू सोडलास," हे म्हणाले.

"निसटला हो. मला कुठे येतंय अजून."

"जन्मभर मशीनवर दोऱ्याचा ताण सांभाळतेस तू. तुझ्या हातून दोरी चुकून सैल पडेल?"

मी दोरी गुंडाळायला लागले.

"लेक माझ्याशी पत्ते खेळताना मुद्दाम हरते," हे सावकाश म्हणाले. झटक्यापासून जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून आणावा लागे. "जावई येऊन उगाच माझा सल्ला विचारतो. मला वाटलं, इथे तरी माझी कोणी कीव करत नाही. इथे मी शिकवतोय." मग खुर्चीकडे बोट केलं. "घडी कर हिची."

त्यानंतर हे नदीवर आले नाहीत. मी विनवण्या केल्या, भांडले, अबोला धरून पाहिला. "तू जा," एवढंच म्हणत. "तुला येतंय आता." शेवटी एका रविवारी मी रागारागाने एकटीच गेले. मोठा मासा लागला. मी दोरी तसूभरही सैल पडू दिली नाही. त्याला ओल्या हातांत धरलं, सोडलं, आणि काठाकडे पाहिलं तर सांगायला कोणी नव्हतं.

घरी आले तेव्हा खोलीत अंधार होता.

"लागला का?" यांनी अंथरुणातूनच विचारलं.

"हो. मोठा होता."

"निसटू न देता आणलास हातात?"

"आणला."

"बरं झालं," हे म्हणाले, आणि डाव्या हाताने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.