कराचीचं माहेर

"तवा पाकिस्तान न्हवतं की, सायेब. माजं म्हायेर हुतं ते," असं म्हणून गोजरबाईने कपबशी जमादारापुढे सारली.

रामहरी जमादाराने चहाला हात लावला नाही. पोलिसाने फुकटचा चहा नाकारला, की माणसाने खुशाल घाबरावं.

तिची लेक वच्छला नर्सच्या पांढऱ्या पोशाखात दाराशी उभी होती. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ती कित्येक वर्षं तात्पुरती म्हणून राबत होती. आता कुठे कायम व्हायची वेळ आली, तर जन्मगाव विचारलं गेलं. ही खुळी कराची असं खरं सांगून बसली. पाकिस्तानशी लढाई संपून अजून वर्षही झालं नव्हतं.

"आजोबा तिकडं गोदीत मुकादम होते," वच्छला म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी करतात, म्हणून आई गेली. सव्वा महिन्याची मी मोडनिंबला, वडिलांच्या गावी आले, ती इथलीच."

"पुरावा?"

कागद आणायचा कुठून? आजोबा-आजी फाळणीत नेसत्या कपड्यांनिशी परतले होते, आणि केव्हाच वारले होते.

"मोडनिंबात कुणालाबी इचारा की," गोजरबाई म्हणाली.

"ते नुसतं तोंडानं सांगतील, बाई. सरकारी नोकरीला माणूस हिंदुस्थानचाच लागतो, कागदानिशी." जमादार उठला. "तिकडं अजून कोण हाय?"

"कोण न्हाय."

"पत्रबित्र?"

"न्हाय म्हंते की!" गोजरबाईचा आवाज चिरकला.

त्याने घरभर सावकाश नजर फिरवली आणि गेला. एरवी सुई टोचून घ्यायला हक्काने येणाऱ्या शेजारणींनी आपापली दारं लोटून घेतली.

दवाखान्यात मेट्रनने मान वर न करताच सांगितलं, "चौकशी संपेपर्यंत उद्यापासून येऊ नका."

वच्छला वॉर्डात आली. दुधनीची बाळाबाई, दिवस भरत आलेली पोर, गाठोडं बांधून बसली होती.

"मला सोडा की, सिस्टर. पयली खेप हाय, म्हायेरी अव्वाकडं जाती. आळंदला. लई लांब न्हाय."

अशा किती पोरींना वच्छलाने हसत माहेरी धाडलं होतं.

"आळंद म्हणजे म्हैसूर राज्यात?"

"व्हय. का वो?"

वच्छलाने तिचं मनगट धरलं.

"न्हाय जायचं. हितंच बाळंत हो."

"पर रीत हाय की आमच्यात!"

"हितंच," वच्छला म्हणाली. मागून मेट्रनने हाक मारली, तरी तिने मनगट सोडलं नाही.

"सिस्टर, हात दुकतोय," पोर रडवेली होऊन म्हणाली.