दोन साडू आणि एकशेवीस पाटे

धोंड्याच्या महिन्यात जावयांना जेवू घालायचं, हा रिवाजच. जळकोटच्या दगडाबाईंनीही दोन्ही जावई बोलावले, पण पहिलं ताट मांडलं ते थोरल्या ईरण्णापुढं. धाकटा बिरू तिथंच जळायला लागला.

दोघंही उमरग्यात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे वाकवायचे. कारखाने मात्र समोरासमोरचे, वेगळे. ईरण्णाकडं युनियन. नुकताच करार होऊन पगार वाढलेला, आणि गुलालानं माखलेला त्याचा फोटो सासूबाईंनी देवघराशेजारी लावलेला. बिरूकडं युनियनचं नुसतं नाव काढलं तरी दुसऱ्या दिवशी गेट बंद. काम तेच, घाम तोच, आन मान मात्र सगळा त्याला! बिरूचं पोट दुखायचं ते इथं.

जेवताजेवता ईरण्णा सहज बोलून गेला, की करारात एका पाळीला ऐंशी पाटे ठरलेत, एक्क्याऐंशीवा मालकानं मागायचा न्हाय. बिरूनं ते बरोबर ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हा गडी न बोलावताच आपल्या मालकाच्या केबिनीत शिरला. समोरचे ऐंशीच्या वर जात न्हाईत, आपण एकशेवीस देऊ, असं छाती ठोकून सांगून आला. मालकाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं ट्रक कंपनीला कमी दर दिला आणि महिन्याभरात ऑर्डर रस्ता ओलांडून इकडं आली. समोर निम्मी माणसं लेऑफवर घरी बसली, त्यांत ईरण्णाही. बिरूनं पेढे आणले. बायकोनं, महादेवीनं, कशाचे म्हणून विचारलं, तर "उगीच" म्हणाला.

मग एकशेवीस सुरू झाले. नव्वदीला मनगट भरून यायचं, शंभरीला खांदा. पगार होता तेवढाच. तक्रार करायला तोंड नव्हतं. आकडा त्याचाच, आणि मालक ते चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

सांगतासांगता ते ईरण्णाच्या कानावर गेलं. एका रविवारी तो बिरूच्या घरी आला. बिरू भांडणाच्या तयारीनं बसला होता, पण हा भांडलाच न्हाय.

"ऐंशीवर थांबवायला आमाला अकरा वर्षं लागली, साडू," तो म्हणाला. "एकशेवीस तुमी एका दिवसात देऊन आलात."

लेऑफचा अर्धा पगार मिळतोय, युनियनची मालकाशी बोलणी चाललीत, असं सांगत तो निवांत चहा प्याला. बिरूला कप उचलायला दोन्ही हात लागले. ज्याचं काम आपण घालवलं तो समोर ताठ बसलाय, हे त्याला सोसवेना. आणि खोटं कशाला सांगा, त्याला ईरण्णाचा आताही हेवाच वाटत होता.