दोन डॉक्टरांना एकच उत्तर

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते, पण सोसायटीत बातमी मात्र लिफ्टच्या आधी वर पोचायची. त्यामुळे वल्लरीच्या मानेतली गाठ टीबीची निघाली तसं सासूबाईंनी, शालिनीताईंनी, फर्मान काढलं : औषध फरीदाबादला घ्यायचं. धाकट्या नणंदेचं, मैत्रेयीचं, लग्न ठरत होतं आणि घरात टीबी म्हटलं की स्थळ पळतं. शिकल्यासवरल्या घरातलं हे शहाणपण! गुडगावच्या ऑफिसात पंधरा जणांना कामाला लावणारी वल्लरी मुकाट्याने हो म्हणाली.

फरीदाबादच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोई और दवा चल रही है?" शेजारी सासूबाई बसलेल्या, आणि पाळणा लांबवायची गोळी त्यांच्यापासून लपवलेली. वल्लरी म्हणाली, "नहीं." ती गोळी देणाऱ्या डॉक्टर मीनाक्षी सोसायटीतल्याच, महाराष्ट्र मंडळातल्या. पुढच्या तपासणीला त्यांनीही तेच विचारलं. तिथेही "नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं निहार म्हणाला. नवरा म्हणून त्याची मदत एवढीच.

औषधाच्या चौथ्या महिन्यात पाळी चुकली. मग मात्र वल्लरीने दवाखान्यात जाऊन मीनाक्षींना सगळं सांगून टाकलं.

"अगं, टीबीच्या औषधातली ती लाल कॅप्सूल यकृताला असं कामाला जुंपते, की माझी गोळी उपयोगी पडायच्या आधीच संपून जाते. सांगितलं असतंस तर तीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं असतं, नाहीतर तांबी बसवली असती. त्यांचं त्या औषधाने काही बिघडत नाही."

वल्लरीला रडू आलं नाही, रागही आला नाही. भूल दिलेल्या दाढेसारखं सगळं बधिर होतं. कॅलेंडरवरच्या गुटगुटीत बाळाकडे ती बघत राहिली. टीबी बरा होईपर्यंत मूल नको, एवढी एकच गोष्ट तिने स्वतः ठरवली होती.

"ते औषध बंद करायचं नाही हं. ते चालू ठेवून मूलही होऊ शकतं. हवंय का तुला?"

"घरी विचारून सांगते."

"घरच्यांना सांभाळायला दोन्हीकडे गप्प बसलीस, बाई. आता मी तुला विचारतेय."

पुढच्या पेशंटने दार ढकललं. मीनाक्षींनी हातानेच तिला बाहेर थांबवलं. वल्लरीने मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"नको," ती म्हणाली, आणि हा शब्द आपल्याला म्हणता येतो, याचंच तिला नवल वाटलं.