दुखायची थांबलेली दाढ

"गार लागस का?"

कमलीने नाही म्हणून मान हलवली. हिलाल कंपाउंडरने कापसाचा बोळा पुन्हा माठाच्या पाण्यात बुडवून तिच्या खालच्या दाढेवर धरला.

"आते?"

"नही."

"दखा!" कमलीची आई धनुबाई खुलली. "आठ दिन बोंबलनी, आते चार दिन व्हयनात, चूप. दात बरा व्हयना, कंपाउंडरभाऊ. सासूनं ऐकीसन उनू, बस."

हिलालने चिमट्याच्या दांडीने दाढ हलकेच ठोकली. पोरीचा एक डोळा मिटला. हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी होती.

"बरा नही व्हयना, बहीन. मरना."

एकोणीसशे अडतीस साल होतं. प्रकाशा गावच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेब दर मंगळवारी शहाद्याहून येत, आणि दात म्हटला की त्यांना परतीची घाई सुटे. म्हणून गावाचे दात हिलालकडे. दाताच्या पोटात लाल, मऊ गाभा असतो. पोरांच्या दातात तो ऐसपैस, थेट माथ्यापर्यंत शिंगं काढून बसलेला, म्हणून कीड चटकन पोहोचते. हिलाल त्याला 'जीव' म्हणे. गार लागलं असतं, म्हणजे जीव शिल्लक असता, तर त्याने कीड कोरून लवंगतेलात मळलेली जस्ताची लुकण भरली असती.

हे सारं तो पत्ता सांगावा तशा आवाजात सांगे. गावात म्हणत, हिलालला चिमटा काढला तरी दुखलं का ते तो शेजाऱ्याला विचारेल. बायकोने, गजराबाईने, दोनदा भाजीत मीठ घातलं नव्हतं. दोन्ही वेळा तो जेवून उठला. तिसऱ्यांदा तिने करून पाहिलं नाही.

"दुधना दात शे भाऊ, पडीच जाई," धनुबाई म्हणाली. "बाहेर गाडी जुपेल शे. अक्कलकुव्याले भाऊनं लगीन शे, आठ दिन मुक्काम."

"समोरथीन मोज. पाच दुधना. हाई सहावी, जनमभरनी. पन काढनी पडी."

ही दाढ कुठलाही दात न पडता मागून गुपचूप उगवते, म्हणून गावाच्या हिशेबात ती दुधाचीच.

"जनमभरनी शे, तं काढतस कसाले? दुखत तं नही ना!"

"आठ दिनमा सूज मानपर्यंत जाई. पोर हातनी जाई."

"तुमी सांगतस मरना, पोर सांगस दुखत नही. मी कोनं ऐकू?" तिने कमलीचा दंड धरला आणि ती उठली.



मागच्या, राहत्या खोलीचं दार वाजलं. गजराबाई आत आली. नऊ वर्षांत ती या दारातून आली नव्हती. चिमट्याकडे तिने पाहिलं, नवऱ्याकडे नाही.

"बहीन, आमनी पोर तुळशीनंबी दुखनं थांबेल व्हतं. सात वरीसनी व्हती. यास्नीच माले सांगं, बरी व्हयनी म्हणीसन." मग म्हणाली, "धुळाले जाताना गाडीमाच गयी."

बाहेर बैलाने घुंगरं हलवली. धनुबाईने दंड सोडला, आणि हळूच खाली बसली.

गजराबाईने पोरीचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं. हिलालने हिरडीला लवंगतेल लावलं. चिमटा एकदा गालाकडे, एकदा जिभेकडे. कमलीची किंकाळी, पू, रक्त. मिठाच्या पाण्याच्या चार चुळा झाल्यावर पोरीने पहिलं काय मागितलं, तर दाढ. छपरावर फेकायची होती. तशी फेकली की नवी येते, हे तिला पक्कं माहीत होतं.

"नवी येई ना, भाऊ?" धनुबाईने विचारलं.

सहावी पुन्हा येत नाही. हिलालने दाढ धुऊन कमलीच्या तळहातावर ठेवली.

गजराबाईने तिला उचलून वर धरलं. दाढ पत्र्यावर वाजत गेली आणि पलीकडे मागच्या अंगणात पडली. गाडी अक्कलकुव्याच्या वाटेला लागली.

संध्याकाळी गजराबाईने अंगण झाडलं. दाढ पडली ती पत्र्याखालची हातभर जागा तेवढी सोडली. मग आत येऊन तिने हिलालचं ताट वाढलं, आणि मिठाची वाटी शेजारी ठेवली.