खाडी उघडली त्या रविवारी

बाटली उपडी धरून तिने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि मगच बाटलीचं तोंड प्रवाहाकडे फिरवलं. बुडबुडे भराभर वर आले, मंदावले, थांबले. बाटली बाहेर काढून तिने थोडं पाणी सांडून दिलं, वर बोटभर हवा राहील असं बघितलं आणि झाकण घट्ट केलं. नव्या केमिस्टने बर्फाची पेटी उघडून पुढे धरली.

“बाई, तुम्ही रिटायर झालात ना? मी घेतलं असतं सॅम्पल.”

“तू रोजच घेणार आहेस. आज मला घेऊ दे.”

खाडी आजपासून शिंपल्यांसाठी उघडणार होती, तरी तपासणी काही थांबणार नव्हती. उलट आता जास्तच करावी लागणार होती. ती चिखलातून पाय उपसत काठाकडे आली. दगडी कठड्यावर मामी बसली होती. चपला काढून तिने शेजारी जोडीने ठेवल्या होत्या, जणू कुणाच्या घरी आली होती.

“झालं का गं पाणी भरून?” मामी म्हणाली. “गावात नळ आलेत म्हणे. तुला अजून कुणी सांगितलं नाही वाटतं.”

हा विनोद मामी गेली कित्येक वर्षं करत होती आणि दर वेळी स्वतःच आधी हसत होती.

गावात तिला बाटलीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. नोकरीला लागली तेव्हा ओहोटीच्या वेळी ती पेटी खांद्याला लावून किनाऱ्याने निघाली, की पोरं मागे लागत, “बाटलीबाई, बाटलीत काय?” ती मागे न बघता ओरडायची, “तुम्ही सकाळी सोडलेलं!” पोरं खिदळत पळून जायची. पण ती थट्टा नव्हती, खरंच होतं. तेव्हा गावाची सगळी गटारं उतार धरत खाडीतच येत. बाजाराची, दवाखान्याची, शाळेची, वरच्या आळीतल्या मोठ्या घरांची. खाडीच्या तोंडाशी पाणी करडं दिसे, उन्हाळ्यात त्यावर साय धरे. आणि त्याच पाण्याखालच्या वाळूत शिंपले असे पोसलेले असत, की आजूबाजूच्या गावांतून माणसं ते विकत घ्यायला येत.

खाडीकाठची आळी त्या शिंपल्यांवर जगत होती. मामा त्यांतले सगळ्यांत कसलेले. बाप गेल्यावर तिला आईसकट आपल्या घरात आणलं ते मामांनी. पुढे आईही गेली, पण ‘तू आमची नाहीस’ असं तिला त्या घरात कधी जाणवलं नाही. मामा, मामी, त्यांची एकुलती एक मुलगी, जी हिच्याहून लहान म्हणून सगळ्यांची धाकटी, आणि ही. मामांना वाळूवर नुसता पाय ठेवला की खाली माल आहे की नाही ते कळे. खोऱ्याने ओढून ते टोपली भरत, मामी डोक्यावर घेऊन बाजार गाठे. अंगणात रिकाम्या शिंपल्यांचा एवढा ढीग असे, की अनवाणी चाललं तर पावलं कापत. घरातून बाहेर पडताना येणारा तो कुरकुर आवाज तिला अजून कधीतरी झोपेत ऐकू येई.

मग कायदा आला. समुद्रात पाणी सोडायचं असेल तर त्यात काय आहे ते आधी सांगा, परवानगी घ्या, ठरवून दिलेल्या मर्यादेत राहा. नगरपालिकेच्या सभेत मोठा गदारोळ झाला होता. तेव्हाचे नगराध्यक्ष उभे राहून म्हणाले होते, “अहो, एवढा थोरला समुद्र! त्याचं कधी पोट बिघडलंय का?” सभागृह हसून लोटपोट झालं होतं. मागच्या बाकावर मांडीवर कागद घेऊन बसलेली ती तेवढी हसली नव्हती. ती शहरातून शिकून नुकतीच आली होती, आणि नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जुन्या गोदामाच्या एका खोलीत, तिची नेमणूक झाली होती. तिच्या तपासणीच्या काचेच्या बशांमध्ये खाडीतले जंतू असे उगवत होते, की मोजायला जागा पुरत नव्हती.

अहवालावर सही करायची त्या दुपारी ती आधी घरी गेली. मामा ओसरीवर जाळं शिवत बसले होते.

“मामा, खाडी बंद होईल.”

त्यांनी दोऱ्याची गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

“तुझ्या तपासणीने?”

“हो.”

“पुन्हा एकदा करून बघितलीस?”

“खूप वेळा केली.”

“मग सही कर,” ते म्हणाले, आणि जाळ्याचं पुढचं भोक शोधू लागले.

‘शिंपले काढण्यास व खाण्यास मनाई’ अशी पाटी घेऊन पालिकेचे दोन कामगार आले, तर त्यांना वाळूत खांबच उभा करता येईना. मामांनी बराच वेळ ते बघितलं. मग उठले, खड्डा स्वतः खणला, दगडांनी खांब पक्का केला आणि पाटी ठोकून दिली. “ठोकायचीच तर सरळ ठोका,” ते म्हणाले, “वाकड्या पाटीला कुणी भीक घालत नाही.” आळीतली माणसं दारादारांतून बघत होती. कुणी शिवी दिली, कुणी नुसतं थुंकलं. ती प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी होती. हातोड्याचा एकेक घाव तिला आपल्या पाठीत बसल्यासारखा वाटला.

त्यानंतर मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. हेच तिला जास्त लागलं. रागावले असते, जेवणाच्या ताटावरून उठले असते, तर तिने समजूत तरी काढली असती.

गावाबाहेर सांडपाण्याचा प्रकल्प उभा राहिला तेव्हा मामांना तिथे काम मिळालं. प्रकल्प म्हणजे तेव्हा काय होतं? एक लोखंडी जाळी आणि दोन उघड्या टाक्या. जाळीवर अडकलेली घाण दाताळ्याने वर ओढायची, हे मामांचं काम. ते पूर्वीच्याच सफाईने ओढत, फक्त वर काय येईल याचा नेम नसे. चेंडू, चमचे, बाहुल्या. एकदा दातांची अख्खी कवळी आली. मामांनी ती धुऊन खिडकीत ठेवली. निवृत्त हेडमास्तर तीन दिवस तोंडावर रुमाल धरून गावात फिरत होते. ते एका संध्याकाळी हळूच आले, कवळी उचलली आणि काही न बोलता खिशात टाकून गेले. “पुढच्या रविवारी सभेत त्याच दातांनी स्वच्छतेवर भाषण दिलं,” मामा सांगत, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. घरी आले की मामी त्यांना दारात अडवी, “आधी मागच्या दाराला जा, तिथे बादली ठेवलीय. मी वासाशी लग्न नाही केलं.”

वर्षं अशी टाक्यांबरोबर वाढत गेली. मर्यादा कडक होत गेल्या. उघड्या टाक्यांशेजारी हवा घुसळणाऱ्या टाक्या आल्या, त्यांत जंतूच घाण खाऊ लागले. मग पाइप खाडीतून काढून लांब खोल समुद्रात नेला. मग सोडण्याआधी पाणी जंतू मारणाऱ्या दिव्यांखालून जाऊ लागलं. दर टप्प्याला पालिका म्हणे की आता बस झालं, आणि दर वेळी ती बाटल्या घेऊन सभेत जाई. तिचे केस पांढरे झाले, मामा वारले, धाकटी लग्न होऊन दूरच्या गावी गेली. खाडीचं पाणी मात्र हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता, निवळत गेलं. गेली सलग काही वर्षं आकडे मर्यादेच्या आत राहिले, तेव्हा मनाई उठवण्याचा हुकूम निघाला.

तिला वाटत होतं, मामा असायला हवे होते. आणि त्याहून आत कुठेतरी असंही वाटत होतं, की आपण त्यांचं काहीतरी घेतलं होतं, ते आज परत करायला आलो, तर घरात घेणारं माणूसच नाही.

समारंभ आटोपशीर झाला. नगराध्यक्षबाईंनी चार शब्द सांगितले, पाटी उतरवली, फोटो निघाले. मग त्या मामीकडे वळल्या.

“आजी, पहिला मान तुमचा.”

“मान कसला, पाणी गार असणार,” मामी म्हणाली, पण उठली. कपडे गुडघ्यापर्यंत खोचून, भाचीचा हात धरून पाण्यात शिरली. दोनचार पावलांवर हात सोडून दिला. टाच वाळूत रुतवून अर्धवट फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली. मग वाकली. वर आली तेव्हा मुठीत तीन शिंपले होते, ओले, मिटलेले. काठावर टाळ्या झाल्या. मामीने कुणाकडे बघितलं नाही. ती पुन्हा वाकली.

दुपारी मामीच्या स्वयंपाकघरात दोघीच होत्या. शिंपले मीठ घालून उकडले होते. झाकण काढलं तसा वाफेचा लोट वर आला आणि एकेक शिंपला उघडा दिसला. मामीने एक सोलून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

“कसा आहे?” तिने विचारलं.

“चांगला आहे,” मामी म्हणाली. मग जरा थांबून, “पण ती चव नाही गं. बहुतेक ती चव गावाचीच होती.”

दोघी इतक्या हसल्या, की मामीला ठसका लागला. तिने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मामीने डोळे पुसले.

“किती वर्षांनी खाल्ला,” मामी म्हणाली. “धाकटीला कावीळ झाली, त्यानंतर आज.”

ती हसतच होती. मग हसू ओसरलं.

“कावीळ? ती तर मी शहरात कॉलेजात होते तेव्हा झाली होती.”

“हो, तेव्हाच. पोर हळदीसारखी पिवळी पडली होती. वाचली हेच नशीब. तेव्हापासून मामांनी घरात शिंपला शिजू दिला नाही. म्हणाले, घरात नको.”

“पण पाटी नंतर लागली. किती तरी नंतर.”

“नंतरच लागली.”

“आणि मामा तर रोज...” ती थांबली. सुट्टीत घरी यायची तेव्हा अंगणात भरलेल्या टोपल्या असायच्या. बाजाराला जाताना मामी घाईत असायची. आणि जेवायला बटाटे असायचे, भात असायचा, कधी अंडं. विकायचा माल घरी कोण खातं, असं तिने धरून चाललं होतं. कधी विचारलंच नव्हतं.

मामीने आणखी एक शिंपला उचलला. सोलला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिली.

“तुझ्या कॉलेजची दोन वर्षं राहिली होती ना अजून,” मामी म्हणाली.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. तिने ताटाकडे बघितलं. तिला ओसरीवरचे मामा दिसले, दाताने दोरा तोडणारे. ‘पुन्हा एकदा करून बघितलीस?’ हा प्रश्न तेव्हा तिने आशेचा समजला होता. आता तो नेमका कोणत्या आवाजात विचारला होता ते ती आठवू बघत होती, आणि आवाज काही केल्या येत नव्हता.

“मामी, सही केली त्या दिवशी, मी गेल्यावर ते काही बोलले?”

मामीने विचार केला.

“बोलले नाहीत. झोपले. भर दुपारी. मामा कधी दुपारचे झोपायचे का? दिवेलागणीपर्यंत गाढ झोपले होते. मी दोनदा जाऊन श्वास बघितला.”

मामीने हातातला शिंपला सोलून तिच्या ताटात ठेवला.

“खा,” मामी म्हणाली. “गार झाले की चिवट होतात.”