कट्ट्यावरचा बीपी

आकाराम पोवारांना, म्हणजे आबांना, मुलाच्या घरी कशाची म्हणून कमी नव्हती, फक्त करमत नव्हतं. राजवर्धननं कोल्हापूरच्या बाहेरच्या अंगाला, नव्या कॉलनीत टोलेजंग बंगला बांधला आणि मोठ्या हौसेनं वडिलांना तिथं नेलं. समोर हिरवळ, मागं हिरवळ आणि शांतता तर अशी, की शेजारच्या बंगल्यात फोडणी पडली तरी इकडं माणूस दचकावा. शेजारी होते, पण ते गाडीच्या काचेतूनच दिसायचे. पहिल्याच आठवड्यात आबांनी फाटकात उभं राहून एकाला हाक मारली, "काय पावणं, जेवला का?" त्या गृहस्थानं घाबरून वॉचमनला बोलावलं.

आबांचा जन्म गेला होता पेठेत. खाली वाघजाई तालीम, वर त्यांच्या दोन खोल्या, समोर केरबा गवळ्याचा कट्टा. संध्याकाळ झाली की कट्ट्यापाशी म्हशी येऊन उभ्या राहणार, केरबा समोर धार काढणार आणि फेसाचा ग्लास थेट गिऱ्हाइकाच्या हातात देणार. दूध प्यायचं, मिशीवरचा फेस पुसायचा आणि तालमीच्या फुटबॉल टीमवरून एकमेकांची अक्कल काढायची. एवढं झालं की आबांचा दिवस सार्थकी लागायचा.

बंगल्यावर आले आणि आबांचा बीपी चढला. डॉक्टरांनी गोळी दिली, तरी तो हटून बसला.

"पेठेतल्या दंग्यानंच तुमचं असं झालंय," राजवर्धन म्हणाला. "हितं निवांत बसा. अळणी खावा. आन् मॅचबिच बंद!"

"आरं, दंगा हुता तवा मला काय हुतं?"

"तवा मोजला कुणी हुता?"

शेवटी बापलेकांत तह झाला. महिनाअखेरपर्यंत बीपी उतरला, तर आबांनी खुशाल पेठेत परत जावं. नाही उतरला, तर दोन्ही खोल्या विकायच्या. गिऱ्हाईक तयारच होतं, सोमवारी बघायला येणार होतं. तेव्हापासून रोज सकाळी आबा देवाचं नाव घेऊन दंडाला पट्टा बांधून घ्यायचे. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, मुलगा डोक्याशी उभा, आणि ते मशीन गुरगुरत गुरगुरत आबांच्या खोल्या विकायला काढायचं.

असा शेवटचा रविवार उजाडला. त्याच दिवशी वाघजाईची मॅच चावडी तालमीशी होती, आणि आबांची सून अनुजा माहेरची चावडीची. लग्नात दोन्हीकडच्या वऱ्हाडानं अक्षता कमी आणि शिट्ट्याच जास्त मारल्या होत्या. दुपारी तिनं बीपीचं मशीन पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं, "अहो, आबांना जरा दाखवून आणते." काय दाखवून, ते काही तिनं सांगितलं नाही.

गाडी कॉलनीच्या वळणाबाहेर पडली आणि अनुजानं गळ्यात चावडीचा पिवळा रुमाल बांधला. आबांनी शर्टाच्या आतून वाघजाईचा निळा काढला. सकाळपासून तो पोटाशी घेऊनच बसले होते!

मॅच काय सांगावी! आबा बाकावर उभे राहून ओरडले, पंचाला चष्म्याचं दुकान सुचवलं, शेजारच्या अनोळखी माणसाला तीनदा मिठी मारली आणि दोनदा त्याच्याशीच भांडले. शेवटी वाघजाई पेनल्टीवर हरली. अनुजा नाचली. कट्टा येईपर्यंत आबा सुनेशी एक शब्द बोलले नाहीत.

कट्ट्यावर सगळी पेठ पराभवाचं खापर फोडायला जमली होती. सायकलवाले रशीदभाई आबांचे लंगोटीयार. आबांना बघताच ते ताडकन उठले.

"आक्या! जिता हायस व्हय रं? म्या तुझा फोटो लावायला खिळा बघत हुतो!"

"तुझा लागल्याबिगर म्या जात न्हाय," आबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. रशीदभाईंचेही आले. मग दोघांनी मिळून गोलकीपरला शिव्या दिल्या.

केरबानं ग्लास हातात दिला. दूध पिऊन झालं, आबा जरा टेकले, तशी अनुजानं पर्समधून मशीन काढलं. आबांचा चेहरा उतरला. "हितं नको ग पोरी. हितं तरी नको."

"उद्या खोल्या बघायला येणार हायत, आबा. हात द्या."

म्हैस हंबरत होती, तालमीत कुणी हलगी बडवत होतं, रशीदभाई पेनल्टी कशी मारायची ते केरबाच्या बादलीला लाथ घालून दाखवत होते. मशीन गुरगुरलं आणि थांबलं.

बीपी नॉर्मल!

"बिघडलंय," आबा म्हणाले. पुन्हा मोजला. पुन्हा नॉर्मल! खात्रीसाठी रशीदभाईंचा मोजला, मग केरबाचा, आणि बघता बघता कट्ट्यावर बाह्या सरसावून रांग लागली. "तुझा किती?" "माझ्यापेक्षा कमी? काय खातोस रं?" कुणीतरी म्हशीचाही मोजायचं काढलं, पण पट्टा पुरेना.

तेवढ्यात राजवर्धनची गाडी आली. रविवारी डॉक्टर बसत नाहीत हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं होतं. लालबुंद होऊन तो उतरला. "आबा! अनुजा! ह्ये काय चाललंय?"

"आधी रांगेत ये," रशीदभाई म्हणाले. "मग भांड."

बोलू न देता त्याला कट्ट्यावर बसवलं, पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं. गुरगुरत राहिलं. थांबलं, तेव्हा आकडा बघायला सगळा कट्टा वाकला. आबांचा बंगल्यावरही कधी एवढा चढला नव्हता.

आणि मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "आजचा कप वाघजाईला!"

मग काय! हलगी कडाडली. पोरांनी राजवर्धनला खांद्यावर घेतला. "आरं, खाली घ्या! मला बीपी हाय!" तो ओरडत होता. पेठेनं मॅच हरल्याचं उट्टं त्याच्यावर मनसोक्त काढलं. कट्ट्याभोवती वळसा घेताना ओरडता ओरडता तो कधी हसायला लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही. खाली उतरवला तेव्हाही हसतच होता. कॉलनीत गेल्यापासून त्याच्या पाठीवर कुणी थाप मारली नव्हती. आज पाठ लाल झाली होती.

आबांना आधी हसू आलं, मग ते पोराच्या तोंडाकडे बघत राहिले. आपलं पोरगं आपल्यापेक्षा एकटं पडलं होतं, आणि एका छताखाली राहून आपल्याला पत्ता नव्हता. त्यांनी केरबाकडून ग्लास घेतला आणि मुलाच्या हातात दिला.

"आता माझा तह ऐक," ते म्हणाले. "डॉक्टरला दाखव. गोळी दिली तर मुकाट्यानं घे. आन् सांजच्याला हितं येऊन बस. पुढच्या महिनाअखेरपर्यंत उतरला न्हाय, तर बंगला बघायला म्या गिऱ्हाईक आणणार!"

राजवर्धननं एका दमात दूध संपवलं. मिशीवर फेस तसाच होता. त्यानं खिशातून फोन काढला, सोमवारच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं आणि वर, तालमीवरच्या खिडक्यांकडे बघत विचारलं,

"आबा, वर गाद्या किती हायत?"