पोस्टमनचं नाव भिंतीवर

बैठक तीनची होती आणि पावणेचारपर्यंत आम्ही पंख्याबद्दलच बोलत होतो. जोरात लावला की कागद उडत होते आणि हळू केला की निवेदकाला घाम फुटत होता. चार म्हातारी माणसं एका खोलीत बसवली की कुठल्याही गोष्टीला एवढा वेळ लागतोच. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, माझी कंबर धरते, आणि लोखंडी खुर्चीवर तासभर बसलो की मला अख्ख्या मनुष्यजातीचा राग यायला लागतो.

खोली कुस्तीच्या हॉलच्या मागची. पूर्वी इथे पहिलवान कपडे बदलायचे. भिंतीतल्या खुंट्या आणि मलमाचा वास अजून गेलेला नाही. बाहेरच्या बोळात सन्मानभिंत आहे. तिच्यावर पितळेच्या एकोणतीस पाट्या, दर वर्षी एक नाव, आणि तिसाव्या पाटीची जागा रिकामी. हॉल पाडायचं ठरलंय. भिंत आहे तशी क्रीडा खात्याच्या संग्रहालयात जाणार, म्हणजे तिसावं नाव हे शेवटचं. त्यानंतर कुणी कितीही थोर निघाला तरी त्याला जागा नाही. ती जागा मला पोस्टमनसाठी हवी होती.

आमची कुस्ती म्हणजे तिकीट लावून, बँड वाजवून, मुखवटे घालून होणारी शनिवारची कुस्ती. कोण जिंकणार हे गुरुवारी ठरायचं, याच खोलीत, मालकांच्या तोंडून. मी चौतीस वर्षं पंच होतो. लोकांना वाटायचं मी नियम सांभाळतो. माझं खरं काम निरोप्याचं. खाली वाकून एकाला सांगायचं की आवर आता, दुसऱ्याचं मनगट दाबून बघायचं की शुद्धीत आहे ना. मग तीन मोजायचे आणि ठरलेल्याचा हात वर करायचा.

आणि याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मालकांचा तो एकच कायदा होता, पण कडक. रिंगमधले वैरी एका गाडीतून घरी जात नसत. एकाचा पाय रिंगमध्ये मोडल्याचं ठरलं, तर तो गडी धडधाकट पायाला प्लास्टर घालून सहा आठवडे लंगडत बाजारहाट करत होता. ‘नुरा’, म्हणजे निकाल आधीच ठरलेली कुस्ती, हा शब्द या इमारतीत ज्याच्या तोंडून निघाला त्याला सोमवारपासून काम नसे. मालक जाऊन बारा वर्षं झाली, शेवटची कुस्ती होऊन नऊ, तरी आमच्या तोंडाचं कुलूप तसंच.

अध्यक्षांच्या खुर्चीत मालकीणबाई होत्या, मालकांच्या पत्नी. शेजारी निवेदक, ज्याचा आवाज एके काळी रस्त्यापलीकडे ऐकू जायचा आणि आता कवळीतून शिट्टी येते. समोर वादळ. अकरा वर्षं विजेता, भिंतीवरची सहावी पाटी त्याची, दोन्ही गुडघे नवे. चौथा मी. आणि टेबलाच्या टोकाला क्रीडा खात्याची कारकूनबाई, पन्नाशीची, चष्मा साखळीला अडकवलेला, इतिवृत्त लिहायला आलेली. ती बाहेरची. त्यामुळे बंद खोलीतसुद्धा आम्ही चौघं सगळं खरंच घडल्यासारखं बोलत होतो.

शेवटी दोन नावं उरली, सरदार आणि पोस्टमन. कारकूनबाईने नोंदी वाचून दाखवल्या. सरदार, विजय चारशे दहा, विजेतेपदं सात, तीन प्रतिस्पर्धी जायबंदी. पोस्टमन, कुस्त्या बाराशे सहा, विजय शून्य. तिने पान उलटून पाहिलं आणि शून्यच आहे ना, असं विचारलं. शून्यच होता.

आता खरं सांगतो. सरदार देवाघरी गेलाय, त्याच्याबद्दल वाईट बोलू नये, पण तो आमच्या धंद्यातला सगळ्यात नालायक माणूस होता. दुसऱ्याने आपली मान तुमच्या हातात दिलेली असते. ती सांभाळून खाली ठेवायची, एवढंच तर काम. सरदारला तेवढाही धीर नव्हता. ज्या तिघांना त्याने जायबंदी केलं त्यांतला एक पुन्हा कधी सरळ चालला नाही. आणि पोस्टमन? दिवसा टपाल वाटायचा म्हणून हे नाव. नवा पोरगा आला की मालक त्याला आधी पोस्टमनच्या अंगावर सोडायचे, कारण तिथे कुणालाच इजा व्हायची नाही. पडायचं कसं हे त्याने सगळ्यांना शिकवलं. तो असा पडायचा की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहायची. भिंतीवरच्या बहुतेकांनी पहिला मोठा विजय त्याच्या छातीवर बसून मिळवलाय. आता त्याच्या गळ्याला पट्टा असतो आणि पाठीचे दोन मणके कामातून गेलेत.

पण खोट्याच्या भाषेत बोलायचं तर सरदार महाबली आणि पोस्टमन हसण्यावारी. माझी पंचाईत हीच होती. मी म्हटलं, पोस्टमन झुंज चांगली द्यायचा. निवेदक म्हणाला, द्यायचा, पण हरायचा ना. मी म्हटलं, त्याने कधी हार मानली नाही. मालकीणबाई म्हणाल्या, मग त्याचं एक प्रमाणपत्र देऊ. मी म्हटलं, लोकांना तो आवडायचा. लोक त्याला हसायचे, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. मला काय म्हणायचंय ते तिघांनाही कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. पाऊण तास हेच दळण चाललं. वादळ तेवढा वेळ आपली नखं बघत बसला होता.

एखादा म्हणेल, एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय? कारण असं, की पोस्टमन दर वर्षी पाटीच्या समारंभाला यायचा आणि चौथ्या रांगेत बसायचा. नंतर सगळे चहाकडे वळले की हा बोळात जाऊन पहिल्यापासून पाट्या वाचायचा, चष्मा कपाळावर ढकलून, नाक भिंतीला लावून. तोंडाने कधी काही मागितलं नाही. मागच्या वर्षी मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो तर तो रिकाम्या जागेच्या कडेवरून बोट फिरवत होता. मला पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून धूळ पुसल्यासारखं करायला लागला. मी तेव्हाच ठरवलं होतं.

पावणेपाचला मालकीणबाई म्हणाल्या, आता पुरे, सरदारचं नाव घाला. कारकूनबाईने पेनाचं टोपण काढलं.

“तो हरला नाही,” मी म्हणालो. “त्याला हरायला सांगितलं होतं. बाराशे सहा वेळा. सगळ्या कुस्त्या नुराच होत्या, बाई. लिहा.”

निवेदकाने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, जणू शब्द त्याच्या तोंडून निसटला होता. मालकीणबाईंनी दाराकडे पाहिलं. मालक तिथे उभे असतील असं वाटून मीही पाहिलं. मला घरच्याच कुणाला तरी थोबाडीत मारल्यासारखं वाटत होतं. पण एकदा सुटलो तो थांबलो नाही. गुरुवारच्या बैठका, मनगटाच्या खुणा, सरदारने मोडलेली हाडं, पोस्टमनने झेललेली माणसं, सगळं ओकून टाकलं.

कारकूनबाईने शांतपणे ऐकून घेतलं. “मला हे आठव्या वर्षापासून माहितीये,” ती म्हणाली. “आईने सांगितलं होतं. तुम्ही लोक कधी बोलताय याचीच वाट बघत होते.”

मग वादळाने नखांवरून नजर काढली. बाहेर तिकीटखिडकीजवळ त्याचा मोठा फोटो आहे, त्याने पोस्टमनला डोक्यावर उचलून धरलंय तो, पहिल्या विजेतेपदाचा. “त्या दिवशी माझा खांदा निखळला होता,” तो म्हणाला. “मी त्याला उचललंच नाही. तोच उडी मारून वर चढला. आणि वरून मला म्हणतो, हसू नकोस गाढवा, दातओठ खा.” एवढं बोलून तो धड हसेना आणि धड रडेना.

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्या उठून जातील. त्या फक्त म्हणाल्या, “लिहा मग. सगळंच लिहा. आता कुणासाठी झाकायचं?”

चार हात वर झाले. कारकूनबाईने तिथेच पत्र तयार केलं, पाटीचा मजकूर ठरवला, आणि फोनवरून वर्तमानपत्रांना बातमीही पाठवून दिली. सरकारी माणसाने एवढ्या झटपट काम केलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पत्र मी स्वतः घेऊन जातो म्हणालो.

पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत माझा जीव अर्धा झाला होता, पण चेहऱ्यावरचं हसू काही जाईना. दार वहिनींनी उघडलं. सहा वाजत आले होते, स्वयंपाकघरात अजून ऊन होतं आणि पोस्टमन टेबलाशी मटार सोलत बसला होता. त्याने विचारलं, कुणाला घेतलं, सरदारला ना? मी म्हटलं, चष्मा लाव. चष्मा आतल्या खोलीत होता. “तूच वाच,” तो म्हणाला.

मी उभं राहून वाचायला सुरुवात केली, निवेदकासारखा आवाज काढून. त्याचं नाव आलं तेव्हा त्याचे हात थांबले. “सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि प्रेक्षकांच्या आनंदासाठी बाराशे सहा लढतींत जाणूनबुजून पराभव पत्करणारा,” एवढं वाचलं आणि त्याने हाताचा पंजा टेबलावरून थोडासा उचलला. मला वाटलं, गहिवरलाय. चौतीस वर्षं मी ती खूण बघत आलो होतो. तिचा अर्थ एकच, थांब. त्या दिवशी मला ती कळली नाही. मी खालच्या सहीपर्यंत सगळं वाचून टाकलं.

“भावजी,” वहिनी शेगडीजवळून म्हणाल्या, “जाणूनबुजून म्हणजे?”

मी हसलो. म्हटलं, वहिनी, जसं काही तुम्हाला माहीतच नाही. आणि मग त्यांचा चेहरा पाहिला. मी माझ्या बायकोला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. वादळाने सांगितलं होतं, निवेदकाने सांगितलं होतं. कायदा बाहेरच्यांसाठी होता, घरात कोण पाळतो? मी धरूनच चाललो होतो की सगळ्यांनी सांगितलं असणार.

“शुक्रवारी मी यांना दोन अंडी जास्त द्यायचे,” वहिनी म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या त्याच्याकडे. “अंगात ताकद यावी म्हणून. मुलांना एकेक आणि यांना तीन. रविवारी दिवसभर पाठ चोळायची आणि म्हणायचं, पुढच्या वेळी जिंकाल. एकतीस वर्षं.”

वहिनींनी शेगडी बंद केली, हात पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मला बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच केलं रे. तुला मी पाहिलं होतं भिंतीपाशी, रुमालाने पुसताना.

“भिंतीवर यावंसं वाटायचं,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू.” थोडा वेळ त्याने हातातली शेंग नुसतीच फिरवली. “पोस्टात लोक माझ्या टेबलावर हात आपटून एक, दोन, तीन मोजायचे. मेव्हणा भरल्या ताटावर टोमणे मारायचा. ही रडायची. मी एक शब्द काढला असता तर सगळं थांबलं असतं. नाही काढला. बाराशे कुस्त्या मी मालकांनी सांगितलं म्हणून हरलो. गप्प राहायची ही एकच मी माझ्या जोरावर जिंकलो होतो.”

मी म्हटलं, आत्ता फोन करतो, पाटी थांबवतो. म्हणता म्हणता मला वर्तमानपत्रांची आठवण झाली. त्याला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं, कारण त्याने मानेनेच नको म्हटलं. तो उठायला लागला तसा मी सवयीने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. टेबलाची कड धरून उठला, दोन पावलं टाकली आणि लोटलेल्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

“ऐकतेस का?” तो म्हणाला. “सगळं सांगतो. पहिल्यापासून.”

मी पत्र मटारच्या सालांशेजारी ठेवलं आणि बाहेरच्या दाराकडे निघालो.

“आपलं लग्न ठरायच्या आधी मी तुमची एक कुस्ती बघायला आले होते,” वहिनी आतून म्हणाल्या. “तुमचं नाक फुटलं होतं. तेव्हाच मी घरी जाऊन होकार दिला. ती तरी खरी होती का?”

मला ती कुस्ती आठवत होती. गुरुवारी ठरली होती, नाकासकट. पोस्टमनने दारावर कपाळ टेकवलं.

“नाही,” तो म्हणाला.